गर्दीच्या वेळचे भाडे : पर्याय असेल तर सवलत, नसेल तर भुर्दंड

छत्रपती संभाजीनगर : एकाच डब्यात शेजारी-शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांनी एकाच अंतरासाठी वेगवेगळे पैसे मोजलेले असणे, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. एकाने दोन महिने आधी तिकीट काढलेले असते, दुसऱ्याने आदल्या दिवशी 'तत्काळ'मधून. भारतीय रेल्वेने 'गर्दीचे भाडे' असे नाव क्वचितच वापरले. परंतु गर्दीच्या दिवसांत जास्त पैसे घ्यायचे आणि रिकाम्या दिवसांत थोडी सूट द्यायची, हे तत्त्व गेल्या अडीच दशकांत निरनिराळ्या नावांनी रूढ झाले आहे. मुंबईकडे जाण्यासाठी मोजक्याच गाड्या असलेल्या या शहराला त्याची झळ कशी बसते, हे समजण्यासाठी या पद्धतीची जडणघडण पाहायला हवी.

मूळ कल्पना

रेल्वेचा रूळ, डबा आणि कर्मचारी यांवरील खर्च गाडी भरलेली असो वा रिकामी, जवळपास तेवढाच राहतो. गाडीतील रिकामे आसन मात्र साठवून ठेवता येत नाही. गाडी सुटली की त्या आसनाचे उत्पन्न कायमचे बुडते. म्हणून ज्यांना वेळ बदलणे शक्य आहे, त्यांना सवलतीच्या आमिषाने रिकाम्या वेळेकडे वळवावे आणि गर्दीच्या वेळी ज्यांना जाणे भागच आहे, त्यांच्याकडून अधिक घ्यावे, असा हा विचार आहे. विमान कंपन्या व खासगी ट्रॅव्हल्स याच हिशेबाने चालतात. मात्र या विचारामागे एक गृहीतक दडलेले आहे : प्रवाशाला दुसरी वेळ, दुसरी गाडी उपलब्ध असली पाहिजे.

'तत्काळ' ते 'फ्लेक्सी'

तत्काळ योजना १९९७ मध्ये सुरू झाली. ऐनवेळी प्रवास करणाऱ्यांची सोय, हा तिचा उद्देश होता. पुढे २००७-०८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तत्कालीन रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी वातानुकूलित वर्गाची भाडी कमी करताना गर्दीच्या हंगामापेक्षा मंदीच्या हंगामात अधिक सूट जाहीर केली. हंगामाचा भेद त्यात उघडपणे मान्य केला होता आणि तो प्रवाशाच्या बाजूने होता.

नंतर पारडे फिरले. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'प्रीमियम तत्काळ' आले. त्यात मागणी वाढेल तसे भाडे चढते. २०१५ मध्ये 'सुविधा' गाड्या आल्या. त्यांत दर २० टक्के आसने विकली गेली की भाड्याचा पुढचा टप्पा लागू होई. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना 'फ्लेक्सी फेअर' लागू झाले. दर १० टक्के आसने भरली की मूळ भाड्यात १० टक्के वाढ, कमाल मर्यादा दीडपट, असे त्याचे स्वरूप होते.

महालेखापरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालात या प्रयोगाचा हिशेब मांडला गेला. ९ सप्टेंबर २०१६ ते ३१ जुलै २०१७ या काळात रेल्वेला ५५२ कोटी रुपये अधिक मिळाले. मात्र त्याच गाड्यांतील प्रवासी आदल्या वर्षीच्या तुलनेत पावणेसात लाखांच्या आसपास घटले. म्हणजे तिजोरीत भर पडली आणि आसने रिकामी राहिली. त्यानंतर २०१८ मध्ये योजनेला मुरड घालण्यात आली. कमी प्रतिसादाच्या १५ गाड्यांतून ती काढून घेण्यात आली, ३२ गाड्यांत मंदीच्या महिन्यांपुरती स्थगित झाली आणि कमाल मर्यादा १.४ पटींवर आणली गेली. जुलै २०२३ मध्ये निम्म्याहून कमी भरणाऱ्या वातानुकूलित चेअर कार व एक्झिक्युटिव्ह वर्गांत मूळ भाड्यावर २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याचे अधिकार विभागीय रेल्वेंना देण्यात आले.

शहराच्या वाट्याला काय?

छत्रपती संभाजीनगरवरून राजधानी, शताब्दी किंवा दुरांतो धावत नाही. त्यामुळे 'फ्लेक्सी'ची चर्चा येथे दुरूनच ऐकली गेली. येथील प्रवाशाच्या दृष्टीने गर्दीचे भाडे म्हणजे तत्काळ आणि सणासुदीच्या विशेष गाड्या.

तत्काळमध्ये द्वितीय श्रेणीच्या बैठ्या आसनासाठी मूळ भाड्याच्या १० टक्के, तर इतर वर्गांसाठी ३० टक्के अधिभार लागतो. त्याला किमान व कमाल मर्यादा आहेत. शयनयानासाठी त्या १०० व २०० रुपये, तर तृतीय वातानुकूलितसाठी ३०० व ४०० रुपये आहेत. शिवाय या दोन्ही वर्गांत तत्काळचे भाडे किमान ५०० किलोमीटरचे धरले जाते. येथून मुंबईचे रेल्वे अंतर सुमारे ३७५ किलोमीटर आहे. म्हणजे येथून बसणारा तत्काळ प्रवासी न केलेल्या सव्वाशे किलोमीटरचेही भाडे भरतो आणि त्यावर अधिभार देतो. लांब पल्ल्याच्या प्रवाशाला जो नियम जाणवतही नाही, तो मधल्या अंतराच्या शहराला जड जातो. विशेष भाड्याने धावणाऱ्या हंगामी गाड्यांतही याच धर्तीचा अधिभार असतो.

याला पर्याय काय, हा खरा प्रश्न आहे. मुंबईसाठी रात्रीची देवगिरी व नंदिग्राम, दिवसाची तपोवन व जनशताब्दी या नेहमीच्या गाड्या आहेत. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत नेताना तिचे डबे ८ वरून २० करण्यात आले. हा दिलासा मोठा असला तरी साध्या शयनयानाचे तिकीट शोधणाऱ्या कुटुंबाला वंदे भारतचे भाडे परवडतेच असे नाही. पुण्याला जाणाऱ्या गाड्या मनमाड, दौंड असा वळसा घेतात. त्यामुळे पुण्यात शिकणारी व नोकरी करणारी मुले रस्त्यानेच ये-जा करतात.

गाड्या का वाढत नाहीत, याचे उत्तर रुळांत आहे. मनमाड-मुदखेड मार्गाचा मुदखेड-परभणी हा ८१ किलोमीटरचा टप्पा दुहेरी झाला. परभणी ते छत्रपती संभाजीनगर या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी ३१ जुलै २०२५ रोजी मिळाली. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी थांबावे लागते. अशा मार्गावर भाडे कितीही वाढवले तरी नवी आसने निर्माण होत नाहीत.

रस्त्यावरचा हंगाम

रेल्वेत जागा न मिळालेला प्रवासी ट्रॅव्हल्सकडे वळतो. एसटीच्या त्याच प्रकारच्या बसच्या दीडपटीहून अधिक भाडे खासगी बसने घेऊ नये, असा शासन निर्णय २७ एप्रिल २०१८ चा आहे. दिवाळीच्या आठवड्यात त्याच्या अंमलबजावणीची मागणी दरवर्षी नव्याने होते.

एसटी महामंडळानेही दिवाळीत १० टक्क्यांपर्यंत हंगामी भाडेवाढ करण्याची प्रथा पाळली होती. २०२५ मध्ये ती जाहीर झाली. पण मराठवाड्यातील अतिवृष्टी व पुरामुळे लगेच मागे घेण्यात आली. त्याच वर्षी १ जुलैपासून महामंडळाने उलट दिशेने पाऊल टाकले. दिवाळी व उन्हाळी सुट्यांचा काळ वगळता, दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवासाचे आगाऊ आरक्षण करणाऱ्या पूर्ण भाड्याच्या प्रवाशांना १५ टक्के सवलत देण्यात आली. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, तर रेल्वेतील ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा अखेरचा टप्पाही ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कुटुंबाने रेल्वेने जायचे की रस्त्याने, याचा हिशेब या सगळ्यामुळे बदलला आहे.

सवयी बदलल्या, भाडी?

कोरोनानंतर आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची पद्धत रुजली. ब्रिटनने जून २०२१ मध्ये २८ दिवसांत कोणत्याही ८ दिवशी वापरता येईल असा पास आणला. जपानमध्ये जेआर ईस्टने मार्च २०२३ मध्ये टोकियो परिसरात सकाळची गर्दी टाळणाऱ्यांसाठी सुमारे १० टक्के स्वस्त पास दिला. स्कॉटलंडने मात्र गर्दीचे वाढीव भाडेच १ सप्टेंबर २०२५ पासून रद्द केले. कामाची वेळ ठरवणे नोकरदाराच्या हाती नसते, हा तेथील युक्तिवाद होता.

देशात दिल्ली मेट्रोने २०१७ पासून कमी गर्दीच्या वेळी स्मार्टकार्डधारकांना जादा १० टक्के सूट दिली. पुणे मेट्रोत शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत आहे. रेल्वेचा मासिक पास मात्र महिन्यातून बारा दिवस जाणाऱ्याला आणि पंचवीस दिवस जाणाऱ्याला एकाच दराने मिळतो. जालना-संभाजीनगर अपडाऊन करणाऱ्यांनाही तोच नियम आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये रेल्वेने एक वेगळा प्रयोग जाहीर केला. १३ ते २६ ऑक्टोबरदरम्यान जाऊन १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबरदरम्यान परतणाऱ्यांना परतीच्या मूळ भाड्यात २० टक्के सूट मिळणार होती. गर्दी पांगवण्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु शाळा-महाविद्यालयांच्या सुट्या संपल्यावर तीन-चार आठवडे कोण थांबणार, हा प्रश्न उरतोच.

भाऊबीजेची तारीख पंचांग ठरवते, मुलाखतीची कंपनी आणि शस्त्रक्रियेची रुग्णालय. या तारखा प्रवाशाला पुढे ढकलता येत नाहीत. ज्या मार्गावर तासाला गाडी आहे, तेथे गर्दीचे भाडे प्रवाशाला निवड देते. जेथे रात्री दोन-तीनच गाड्या आहेत, तेथे ते गरजेवरील कर ठरते. म्हणून मराठवाड्यासाठी क्रम उलटा हवा : आधी दुहेरी मार्ग व पुरेशी शयनयाने, रिकाम्या दिवसांत सवलत, मधल्या अंतरासाठी तत्काळच्या किमान किलोमीटरच्या अटीचा फेरविचार आणि त्यानंतर गर्दीच्या भाड्याची चर्चा.