एका बटणावर जुनं आणि नवं

‘डायब्लो २: रिझरेक्टेड’ हा खेळ संगणकावर चालू असताना ‘जी’ दाबलं की खेळणारा एकवीस वर्षं मागे जातो. २०२१ चं रेखीव, उजळ चित्र नाहीसं होतं आणि २००० सालचं काळोखं, खरबरीत चित्र समोर येतं. समोरचा राक्षस तोच, त्याचा घावही तोच. पुन्हा ‘जी’ दाबा, नवं रूप परत येतं. जुन्या खेळाची नव्या आवृत्तीशी तुलना करण्याची याहून प्रामाणिक सोय मला दुसरी दिसत नाही. या बटणाची कुळी शोधण्याजोगी आहे.

जुने खेळ एकत्र बांधून नव्या रूपात विकण्याची चाल तशी जुनी. १९९३ मध्ये निंटेंडोने मारिओचे चार जुने खेळ नवी चित्रं आणि नवं संगीत देऊन ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या एकाच कार्ट्रिजमध्ये दिले. पुढे घरोघरी सपाट एचडी टीव्ही आले. फुगीर काचेच्या टीव्हीसाठी रंगवलेले खेळ त्यावर धुरकट दिसू लागले. २००९ च्या ‘गॉड ऑफ वॉर कलेक्शन’ने ही अडचण सोडवली आणि एचडी संग्रहांची रीघ लागली.

बटण त्याच वर्षी आलं. लुकासआर्ट्सने १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ची विशेष आवृत्ती काढली. तिच्यात ‘एफ१०’ दाबलं की जुनं चित्र दिसे. २०११ मध्ये ‘हेलो’च्या दशकपूर्ती आवृत्तीने हीच सोय ऐन लढाईत दिली. तिथे आत मूळ खेळच चालत होता, वरचं चित्र तेवढं नवं होतं. ‘डायब्लो’ची घडणही याच वाटेने गेली.

मूळ ‘डायब्लो २’ सपाट चित्रांचा खेळ. त्याचा रिमास्टर, म्हणजे नव्या रूपातली आवृत्ती, करणाऱ्या व्हायकेरियस व्हिजन्सने जुनी गणितं आत तशीच ठेवली. घाव लागला की चुकला, हे आजही सेकंदाला २५ टप्प्यांची ती जुनी घडणच ठरवते. त्रिमितीय देह, सावल्या आणि उजेड तिच्यावर चढवले. २७ मिनिटांची चित्रफीत पुन्हा बनवली. जुन्या संगणकावर एकट्याने खेळून जतन केलेली फाइलसुद्धा नव्या खेळात उघडते. सोनं आपोआप उचललं जाणं, सगळ्या पात्रांसाठी सामायिक पेटी, असे थोडे बदल झाले. एक गोष्ट मात्र गेली: संगणक केबलने जोडून, इंटरनेटशिवाय आपापसांत खेळण्याची सोय. कॅफेत शेजारी बसून हा खेळ खेळलेल्यांना ही उणीव चित्रापेक्षा जास्त जाणवते.

‘मास इफेक्ट लेजेंडरी एडिशन’मध्ये असं बटण नाही. २००७, २०१० आणि २०१२ चे तीन खेळ १४ मे २०२१ रोजी एकत्र आले. पहिल्या भागातली अडखळती नेमबाजी सुधारली, ‘माको’ ही गाडी आवरण्याजोगी झाली, रेंगाळणाऱ्या लिफ्ट वेगाने चालू लागल्या. पण पहिल्याच मोहिमेतलं लालसर, अशुभ आभाळ उजळलं आणि तिथली धास्ती कमी झाली. तिसऱ्या भागातला अनेकांनी मिळून खेळायचा विभाग वगळला. ‘पिनॅकल स्टेशन’ हे पुरवणी प्रकरण तर घेताच आलं नाही, कारण त्याची मूळ सामग्री बिघडलेली निघाली. २००२ च्या ‘किंगडम हार्ट्स’चंही असंच. एचडी आवृत्ती करायला बसल्यावर बरीच मूळ सामग्री हरवल्याचं कळलं आणि बाजारात विकलेल्या खेळातूनच ती उकरून काढावी लागली.

आपल्याकडच्या मुलांना सर्वांत ओळखीची ‘व्हाइस सिटी’. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्यासह तीन जीटीए खेळांची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ आली, तेव्हा मूळ खेळ डिजिटल दुकानांतून काढून टाकले गेले. नव्या आवृत्तीत पावसाने पडदा झाकला जाई, पाट्यांवरची अक्षरं चुकलेली होती. ओरड झाल्यावर जीटीए काढणाऱ्या रॉकस्टार कंपनीने माफी मागितली आणि संगणकावर मूळ खेळ पुन्हा विकायला ठेवले.

जुनी कृती शुद्ध करताना काय राखायचं, याचा धडा मराठवाड्याला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता पाठ बिघडले, तेव्हा पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ते शुद्ध केले आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असं बजावलं. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेली एक प्रत छापली. तिच्या जुनेपणावर वाद झाला, पण वाचकापुढे दोन पाठ आले आणि ताडून पाहता आले. ‘जी’चं बटण हेच काम करतं.

भूम तालुक्यातल्या ईटमधल्या मुलाला आज ‘मास इफेक्ट’ खेळायचा असेल तर १२० जीबी जागा लागते. दिवसाला दोन जीबीच्या पॅकवर हा खेळ उतरायला दोन महिने जातील. पहिल्या मूळ भागाला १२ जीबी पुरत. मूळ खेळ साध्या संगणकावरही चालतो, म्हणून जुनी आवृत्ती विक्रीत राहणं ही गावाकडच्या खेळाडूची गरज आहे.

माझं मत सरळ आहे. मूळ खेळ आत ठेवून किंवा शेजारी विकून जो रिमास्टर समोर येतो, तोच खरा. मूळ खेळ पुसून त्याची जागा घेणारा, मग तो कितीही देखणा असो, खोटा. तुमच्या कपाटात अशा खेळांच्या जुन्या सीडी असतील तर रद्दीत घालू नका. त्यांची प्रत करून ठेवा. ‘किंगडम हार्ट्स’ला विकलेल्या प्रतींनीच वाचवलं.