वकीलपत्र कोणाचें घ्यावें?

उघड उघड अपराधी दिसणाऱ्या मनुष्याचें वकीलपत्र घेणें हें पाप कीं कर्तव्य, हा प्रश्न जुना आहे. अंबरनाथच्या पुढच्याच स्थानकावर, बदलापुरास, तो ऑगस्ट २०२४ मध्यें पुन्हा उभा राहिला. शाळेंतील दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचें कळतांच ता. २० रोजीं लोकांनीं आगगाड्या रोखल्या. कल्याणच्या वकिलांनीं आरोपीचें काम न घेण्याचें ठरविलें. ता. २३ सप्टेंबर रोजीं तो पोलिसांच्या गोळीनें मेला आणि त्याचा खटला चाललाच नाहीं.

लोकांचा संताप स्वाभाविक होता. परंतु अशा वेळीं वकिलाचें कर्तव्य कोणतें, हें मुंबईच्या एका खटल्यानें दाखविलें आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांत १६६ माणसें मारलीं गेलीं. हल्लेखोरांपैकीं अजमल कसाब तेवढा जिवंत सांपडला. दंडाधिकारी न्यायालयांतील वकील-संघानें त्याचें काम न घेण्याचा ठराव केला. न्यायालयानें अंजली वाघमारे यांस नेमलें, तेव्हां त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. पुढें अब्बास काझमी व त्यांच्यामागून के. पी. पवार यांनीं तें काम पाहिलें.

कसाबबरोबर आणखी दोघे आरोपी होते. त्यांपैकीं फहीम अन्सारी याचे वकील शाहिद आझमी. अन्सारीनें काढलेला म्हणून जो नकाशा पुढें आला, तो एका मृत हल्लेखोराच्या खिशांत मिळाला होता. कपडे रक्तानें भिजलेले असतां कागदावर डाग कसा नाहीं, हा बचावाचा साधा प्रश्न होता. ११ फेब्रुवारी २०१० रोजीं आझमी यांचा कुर्ल्यांतील कचेरींत गोळ्या घालून खून झाला. ३ मे रोजीं निकाल लागला: कसाब दोषी, दुसरे दोघे निर्दोष. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ मध्यें दोन्ही गोष्टी कायम केल्या, आणि २१ नोव्हेंबर रोजीं येरवड्यास कसाबला फांशी झाली.

वकील हा न्यायाधीश नव्हे. आरोपीच्या अपराधाविषयीं स्वतःचें मत कांहींही असो, त्याचा बचाव करावा, असा वकिलांच्या परिषदेचाच नियम आहे. काम न घेण्याचे ठराव बेकायदेशीर होत, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१० मध्यें सांगितलें. याचा अर्थ वकिलानें खोटा पुरावा उभा करावा असा नव्हे. बचाव प्रामाणिक मार्गानेंच करावयाचा असतो. सरकारपक्षाचा पुरावा कसोटीस लावणें एवढेंच त्याचें काम. त्या कसोटीस उतरल्यामुळेंच कसाबच्या शिक्षेवर कोणास बोट ठेवतां आलें नाहीं, आणि त्याच कसोटीमुळें दोन निरपराध माणसें फांसावरून वांचलीं. आझमी यांस तो निकाल ऐकावयास मिळाला नाहीं.