गर्भवतीचे वजन : वैद्यकीय सल्ल्याची बदलती दिशा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील औद्योगिक शहरांमध्ये मुडदुसाने ग्रासलेल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. त्या वयात येऊन गरोदर राहिल्या की, बालपणीच वाकलेल्या हाडांमुळे त्यांची श्रोणी, म्हणजे ज्यातून मूल बाहेर येते तो कमरेखालच्या हाडांचा घेर, अरुंद राहिलेली असे. मूल अडल्यास पोट उघडून ते काढण्याची शस्त्रक्रिया तेव्हा आईच्या जिवावर बेतणारी होती. म्हणून हॅम्बुर्गचे प्रसूतितज्ज्ञ लुडविग प्रोखोव्हनिक यांनी १८८९ मध्ये एक आहार सुचवला. त्यात पातळ आणि पिष्टमय पदार्थ कमी केले होते आणि त्यामुळे मूल बारीक राहून प्रसूती सुकर होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. अरुंद श्रोणीच्या स्त्रियांसाठी सांगितलेला हा उपाय पुढे त्या मर्यादेत राहिला नाही. गर्भवतीने वजन आटोक्यात ठेवावे, हा सरसकट सर्वांना दिला जाणारा सल्ला होऊन बसला.

या सल्ल्याला विसाव्या शतकात आणखी एका भीतीचे बळ मिळाले. गरोदरपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब वाढतो, बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, आणि विकार बळावल्यास आकडी येऊन माता दगावू शकते; या विकाराला प्री-एक्लॅम्प्सिया आणि त्यातील आकडीला एक्लॅम्प्सिया म्हणतात. अशा स्त्रियांच्या अंगावर सूज चढते आणि त्यांचे वजन अल्पावधीत वाढते. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नटंचाई असताना आकडीचे प्रमाण घटल्याचे निरीक्षण पुढे आले, तेव्हा अतिखाणे हेच रोगाचे मूळ आहे, हा समज दृढ झाला. वास्तविक सुजेचे वजन हे रोगाचे लक्षण होते, पण त्यालाच कारण मानून अमेरिकेतील डॉक्टरांनी कित्येक दशके गर्भवतींचे जेवण कमी केले, मीठ तोडले आणि लघवी वाढवणारी औषधेही दिली. अनेक स्त्रियांसाठी तपासणीची प्रत्येक भेट म्हणजे वजनकाट्यावर उभे राहून बोलणी खाणे झाले, आणि या काळातील सर्वांत अन्यायकारक गोष्ट हीच म्हणावी लागेल. १९७० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने उपासमारीचा हा मार्ग नाकारला, कमी वजनाच्या बाळांचा धोका पुढे मांडला आणि सरासरी २४ पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो, वजनवाढ योग्य ठरवली.

तरीही प्रश्न अर्धाच सुटला होता, कारण गरोदरपणात किती वजन वाढले याची मोजणी होत असली, तरी ते सुरू होताना स्त्रीची प्रकृती कशी होती, याला सल्ल्यात पुरेसे स्थान नव्हते. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र बेल्जियमचे गणितज्ञ अदोल्फ केतले यांनी १८३२ मध्येच मांडले होते. १९७२ मध्ये ॲन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिले. या निर्देशांकाच्या आधारे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९० मध्ये प्रथमच वेगवेगळ्या गटांसाठी वेगवेगळ्या शिफारशी केल्या आणि २००९ मध्ये लठ्ठ स्त्रियांसाठी ५ ते ९ किलो, तर सामान्य वजनाच्या स्त्रियांसाठी ११.५ ते १६ किलो अशी वाढ सुचवली.

लठ्ठपणा धोक्याचा का, याचे एक उत्तर कोपनहेगनचे योर्गेन पेडरसन यांच्या मांडणीतून मिळते. आईच्या रक्तातील जादा साखर वारेतून गर्भाकडे जाते, गर्भ स्वतःचे इन्सुलिन अधिक तयार करतो आणि त्याच्या अंगी चरबी साठून तो मोठा होतो. गरोदरपणात वारेची संप्रेरके इन्सुलिनचा प्रभाव मुळातच कमी करतात. त्यात लठ्ठपणाचा इन्सुलिनरोध मिळाला की मधुमेह उद्भवण्याची शक्यता वाढते. प्री-एक्लॅम्प्सिया, शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या, सिझेरियन आणि त्याच्या जखमेत जंतुसंसर्ग, तसेच मृतजन्म यांचेही प्रमाण लठ्ठ मातांमध्ये अधिक आढळते. ब्रिटनमधील मातामृत्यूंच्या २००३ ते २००५ या काळातील गोपनीय चौकशीत, ज्यांच्या वजनाची नोंद उपलब्ध होती अशा मृत मातांपैकी निम्म्याहून अधिक जणी जादा वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या.

मात्र युरोप-अमेरिकेतील मोजमाप भारतात जसेच्या तसे लावता येत नाही, आणि हे दाखवणारा महत्त्वाचा पुरावा पुणे परिसरातून आला. तेथील सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. पण पुण्याकडील बाळांचे स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अशा शरीररचनेमुळे भारतीयांना कमी वजनातही मधुमेह गाठतो, म्हणून २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीत बॉडी मास इंडेक्सनुसार जादा वजनाची सीमा २३ आणि लठ्ठपणाची २५ धरली गेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया, २५ हीच सीमा धरून, जादा वजनाच्या किंवा लठ्ठ, तर सुमारे १९ टक्के कृश आढळल्या. त्यामुळे एकाच दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या दोन गर्भवतींपैकी एकीला ताटात भर घालायला सांगावे लागते आणि दुसरीची साखर पहिल्याच भेटीत तपासावी लागते.