सिद्ध आणि शाबीत

प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाचें देऊळ इ. स. १८०१ सालीं उभें राहिलें. त्याच वस्तींत, रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतींत, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें पुढें आपली कचेरी थाटली. १९६० सालीं स्थापन झालेल्या ह्या मंडळानें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम हातीं घेतलें. आणि त्या कोशाचा सर्वांत आधीं छापला गेलेला खंड म्हणजे १९७३ चा परिभाषासंग्रह होय. ज्ञान मांडावयाचें तर आधीं शब्द ठरले पाहिजेत, हें त्यावरून दिसतें. परंतु वस्तूंचीं नांवें ठरविणें त्या मानानें सोपें. 'हें निश्चित खरें आहे' असें सांगणारे इंग्रजी शब्द मराठींत आणणें ही खरी कसोटी.

निश्चयवाचक शब्दांची मराठीस उणीव कधींच नव्हती. खचित, पक्कें, निःसंशय, बेशक, अलबत हे आहेतच. आणि सर्वांवर ताण म्हणून 'काळ्या दगडावरची रेघ' आहे. 'खचित' म्हणजे मूळ संस्कृतांत जडविलेलें; 'पक्कें' म्हणजे पिकलेलें वा शिजलेलें. पण हे सारे शब्द बोलणाराच्या मनाची खात्री सांगतात. ती खात्री कोणत्या वाटेनें आली, हें सांगण्याचें काम इंग्रजींतून आलेल्या शब्दांनीं केलें. 'एव्हिडंट' म्हणजे मुळांत डोळ्यांस दिसणारें. 'फॅक्ट' म्हणजे केलेली, घडलेली गोष्ट. 'ॲक्झियम' म्हणजे ग्रीकांच्या लेखीं मान देण्यास योग्य असें वचन.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं मुंबईंत निघाला, आणि १८४७ सालीं त्याचा व कँडीचा इंग्रजी-मराठी कोश. ह्या काळांत शाळा व न्यायालयें हीं दोन्ही नवें रूप घेत होतीं, आणि दोन्हीकडे 'प्रूफ' हा इंग्रजी शब्द एकच होता. मराठीनें मात्र त्यास दोन घरें दिलीं. भूमितींत पक्ष, साध्य व सिद्धता आलीं. पैकीं पक्ष आणि साध्य हे शब्द थेट न्यायशास्त्रांतले; डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथें अग्नि आहे, ह्या प्रसिद्ध अनुमानांत डोंगर हा पक्ष आणि अग्नि हें साध्य. न्यायालयांत अरबी 'साबित' ह्याचा 'शाबीत' झाला. त्याचा मूळ अर्थ स्थिर, न ढळणारें.

हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत, हें कायदाच सांगतो. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यानें रचलेला १८७२ चा पुराव्याचा कायदा म्हणतो कीं, एखादी गोष्ट आहे असें न्यायालयास वाटलें, किंवा शहाण्या माणसानें ती आहे असें धरून वागावें इतकी ती संभवनीय वाटली, म्हणजे ती शाबीत झाली. १ जुलै २०२४ पासून ह्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमानें घेतली, तरी ही व्याख्या तशीच राहिली आहे. फौजदारी खटल्यांत वाजवी संशय उरूं नये ही अट कडक खरी. पण तीही माणसाच्या शहाणपणाचीच अट आहे. शिवाय कायदा तीन स्थिति मानतो: शाबीत झालेलें, खोटें ठरलेलें, आणि ह्या दोहोंपैकीं कांहींच न झालेलें.

भूमितीची गोष्ट निराळी. तेथें एकदां सिद्ध झालेलें प्रमेय नव्या साक्षीदारानें पालटत नाहीं. मात्र तें ज्या पायावर उभें असतें, तो पाया तरी स्वयंसिद्ध आहे काय? लोबाचेव्स्कीनें १८२९ सालीं व बोल्यॉयनें १८३२ सालीं समांतर रेषांविषयींचें युक्लिडचें तत्त्व सोडूनही सुसंगत भूमिति रचतां येते असें दाखविलें. आजचीं मराठी पाठ्यपुस्तकें 'गृहीतक' म्हणतात, तें अधिक प्रामाणिक होय.

आतां वर्तमानपत्रांतून 'गुन्हा सिद्ध झाला' असें सर्रास छापतात. शब्द शुद्ध आहे, पण तो न्यायालयाच्या निर्णयास भूमितीचा अधिकार देतो. सिद्ध झालेल्या प्रमेयावर अपील नसतें; शाबीत झालेल्या गुन्ह्यावर असतें, आणि त्या अपिलांत कधीं कधीं एखाद्याचा प्राण वांचतो. उलट पुराव्याअभावीं सुटलेल्या माणसाकडे बोट दाखवून 'सिद्ध झालें नाहीं एवढेंच' म्हणणारे लोक तिसऱ्या स्थितीचा उपयोग त्याला आयुष्यभर डागण्यासाठीं करतात. मराठीजवळ ह्या दोन खात्र्यांसाठीं दोन शब्द आयते आहेत. ते वेगळे ठेवल्यानें भाषेचें कांहीं जात नाहीं. ते एक केल्यानें कोणाचें तरी पुष्कळ जातें.