प्राणिवाचक इंग्रजी शब्दांची कुळकथा

इंग्रजीतील ‘ॲनिमल’ हा शब्द लॅटिनमधून आलेला असून त्याच्या मुळाशी ‘ॲनिमा’, म्हणजे श्वास, हा शब्द आहे. हे लॅटिन मूळ आणि संस्कृतातील श्वास घेणे या अर्थाचा ‘अन्’ धातू एकाच इंडो-युरोपीय घराण्यातले असल्यामुळे, ज्याला प्राण आहे तो ‘प्राणी’ आणि ‘ॲनिमल’ हे दोन शब्द अर्थाने तसेच कुळानेही एकमेकांचे आप्त ठरतात.

जुन्या इंग्रजीत मात्र कोणत्याही जनावराला ‘देओर’ म्हणत. पुढे फ्रेंचमधून ‘बीस्ट’ आणि त्यानंतर ‘ॲनिमल’ रुळल्यावर ‘देओर’चे ‘डिअर’ झाले आणि तो शब्द केवळ हरणापुरता उरला. व्यापक अर्थ आक्रसून एकाच वस्तूवर येणे, यालाच भाषाशास्त्रात अर्थसंकोच म्हणतात. संस्कृतातील ‘मृग’ शब्दाचा प्रवासही हुबेहूब असाच आहे, कारण वैदिक भाषेत त्याचा अर्थ कोणतेही वन्य जनावर असा होता आणि ‘मृगेंद्र’ म्हणजे सिंह व ‘मृगया’ म्हणजे शिकार या शब्दांत तो जुना अर्थ अजून टिकून आहे.

अस्वलाच्या नावाचा इतिहास याहून विलक्षण आहे. लॅटिन ‘उर्सुस’, ग्रीक ‘आर्क्टोस’ आणि संस्कृत ‘ऋक्ष’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत. इंग्रजीच्या जर्मानिक पूर्वजांनी मात्र तो शब्द टाकून दिला आणि अस्वलाला ‘तपकिरी’ अशा अर्थाचे नाव दिले, त्यातून ‘बेअर’ आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. खरे नाव उच्चारल्यास ते श्वापद समोर येईल या भयातून हे घडले असावे, आणि रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ते पटवून द्यावे लागत नाही. टाकलेले नाव आकाशात मात्र राहिले: उत्तरेकडील अस्वलाच्या तारकासमूहावरून ‘आर्क्टिक’ शब्द बनला, आणि आपल्याकडे सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत, असे शतपथ ब्राह्मण सांगते.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच ही सत्ताधाऱ्यांची भाषा झाली. गोठ्यातल्या जनावराचे नाव ‘काऊ’ राहिले, पण त्याच्या मांसाला ‘बीफ’ हे फ्रेंच नाव मिळाले. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीने ही विभागणी लोकप्रिय केली, तरी ती वाटते तितकी काटेकोर नव्हती, कारण जिवंत बैलालाही ‘बीफ’ म्हणण्याचा प्रघात इंग्रजीत नंतर कित्येक शतके होता. गुणवाचक शब्दांसाठी विद्वानांनी पुढे थेट लॅटिनकडे धाव घेतली आणि ‘कॅनाइन’, ‘बोव्हाइन’, ‘इक्वाइन’ ही विशेषणे आली. त्यांतील ‘कॅनाइन’ हा ‘श्वान’चा, ‘बोव्हाइन’ हा ‘गो’चा आणि ‘इक्वाइन’ हा ‘अश्व’चा दूरचा भाऊ आहे, घरगुती ‘काऊ’सुद्धा ‘गो’च्याच कुळातला.

ही सारी नाती इतिहासपूर्व काळातली आहेत. एक देणे मात्र उघडउघड मराठीचे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आलेल्या ‘मंगूस’ या शब्दाचा ‘गूस’ म्हणजे हंसवर्गीय पक्ष्याशी काहीही संबंध नाही, म्हणूनच त्याचे प्रचलित अनेकवचन ‘मंगीस’ न होता ‘मंगूसेस’ होते: तो शब्द म्हणजे आपले मुंगूसच आहे.