तार, हात आणि प्रमाणपत्र

हेलिकॉप्टरचा इतिहास वाचताना दोन अपघातांपाशी मी नेहमी थबकतो. दोन्ही चाचणी उड्डाणांतले, आणि दोन्हींत दोन-दोन वैमानिकांचा जीव गेला.

पूर्वी वैमानिकाच्या हातातला दांडा सळ्या आणि हायड्रॉलिकच्या मार्फत थेट पात्यांशी जोडलेला असे. 'फ्लाय-बाय-वायर'मध्ये दांडा फक्त संगणकाला इशारा देतो. पाती किती फिरवायची हे संगणक ठरवतो. प्रवासी विमानांत १९८८ साली एअरबस ए-३२० ही डिजिटल पद्धत घेऊन आले. नागरी हेलिकॉप्टरांचे नियम मात्र सळ्यांच्या काळातले. म्हणून अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाला बेल ५२५साठी खास अटी घालाव्या लागल्या.

३० ऑक्टोबर २०१५ रोजी इटलीत एडब्ल्यू६०९ हे टिल्टरोटर, म्हणजे पंखे वळवून विमानासारखे उडणारे यंत्र, वेगाने खाली झेपावण्याच्या चाचणीत डोलू लागले. वैमानिकाने ते सावरायचा प्रयत्न केला, पण नियंत्रणाच्या रचनेमुळे डोलणे वाढतच गेले. सिम्युलेटरने याची कल्पनाही दिली नव्हती.

६ जुलै २०१६ रोजी टेक्सासमध्ये बेल ५२५चे एक इंजिन बंद पडल्याची परिस्थिती मुद्दाम निर्माण केली होती. मुख्य पंख्याचा वेग घटला आणि सेकंदाला सुमारे सहा वेळा हादरणारे कंपन सुरू झाले. त्या हादऱ्यांनी वैमानिकाचा हात हलला, हाताने दांडा हलला, आणि संगणकाने तो वैमानिकाचा हुकूम समजून पाळला. यंत्राची स्थिती मोजणारी उपकरणेही त्याच कंपनाला प्रतिसाद देत राहिली. कंपन वाढत गेले, पाती शेपटीवर आदळली आणि हेलिकॉप्टर हवेतच तुटले.

यात तार तुटली नव्हती. संगणकाने शिकवलेले तेच केले होते. प्रमाणपत्र देताना घातक बिघाडाची शक्यता १०० कोटी उड्डाण-तासांत एकाहून कमी असावी, असा निकष लावतात. पण माणसाचा थरथरणारा हात या हिशेबात कुठे मांडायचा?

त्या अपघातानंतर कंपन गाळून टाकणारे बदल सॉफ्टवेअरमध्ये केले गेले.

प्रमाणपत्राला वर्षे लागतात म्हणून आपण वैतागतो. मला मात्र तो उशीर खटकत नाही. जो प्रश्न जमिनीवर विचारायचा राहून जातो, त्याचे उत्तर आकाशात कुणाला तरी द्यावे लागते. या चौघांनी ते दिले.