पेशीकंकाल आणि आंत्ररोगकारक जीवाणू

पेशीला आकार व हालचाल देणारे ॲक्टिन तंतूंचे जाळे आतड्यातील अनेक रोगकारक जीवाणू मोडत नाहीत, स्वतःच्या कामाला जुंपतात. लहान मुलांत अतिसार घडवणारा एश्चेरिचिया कोलायचा एंटरोपॅथोजेनिक प्रकार सुईसारख्या स्रावयंत्रणेतून ‘टिर’ हे प्रथिन आतड्याच्या पेशीत सोडतो. टिर पेशीपटलात रुतते आणि जीवाणूच्या पृष्ठभागावरील इंटिमिनला धरून ठेवते. चिकटण्यासाठी लागणारा ग्राहीसुद्धा जीवाणूच पुरवतो, ही विलक्षण गोष्ट १९९७ मध्ये उघड झाली. पुढे पेशीची विकरे टिरला फॉस्फेट जोडतात आणि एनसीके, एन-वास्प व एआरपी २/३ ही पेशीचीच प्रथिने जमून जीवाणूखाली ॲक्टिनचा चौथरा उभारतात.

हा चौथरा म्हणजे इजेची केवळ खूण, असा आक्षेप घेता येईल. पण रक्ताचे जुलाब घडवणाऱ्या ओ१५७ प्रकाराचे टिर फॉस्फेटच्या या वाटेवर अवलंबून नसते. तो वेगळे प्रथिन पाठवून त्याच एन-वास्पला कामाला लावतो. दोन निराळ्या वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, याला योगायोग म्हणणे अवघड आहे. साल्मोनेलाचा पुरावा तर अधिक बोलका. त्याच्या काही वाणांतील सोपई हे प्रथिन आरएसी१ व सीडीसी४२ हे नियंत्रक चालू करते, पेशीपटल उसळते, जीवाणू आत शिरतो; मग त्याचेच एसपीटीपी तेच नियंत्रक बंद करते. निव्वळ नासधूस करायची असती, तर आवरते घेण्याचे कारणच नव्हते. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलची विषे मात्र कंकाल खरोखर कोसळवतात. तरी त्यांतील दोन प्रमुख विषांचा घाव थेट ॲक्टिनवर नसून आरएचओ कुळातील नियंत्रकांवर असतो.